लाभाची रेघ

"पोरीचं दुपटं सोड," वखारीच्या दारात हवालदार म्हणाला. गाठ सुटता सुटेना, पोर किंचाळायला लागली. अजून तो दिवस आठवला की माझी बोटं गार पडतात.

कुणीतरी चौकीवर खबर दिलेली, मापाऱ्याची बायको दुपारी पेज घेऊन वखारीत जाते नि येताना पोरीच्या दुपट्यातून तांदूळ आणते. मापारी म्हणजे आमचे हे. बंदरावरच्या तांदळाच्या वखारीत गिऱ्हाइकाला माप भरून द्यायचे. दुपट्यात निघालं काय, तर ओला लंगोट. हवालदार नाक दाबून म्हणाला, "हा घ्या मुद्देमाल!" मला हसू कुठलं? फौजदार ह्यांना घेऊन वखारीत उभे, बेड्या पोत्यावर काढून ठेवलेल्या. मी पोर कडेवर मारली नि तशीच आत घुसले.

झालं होतं असं, की धाकटे शेठ मुंबईला शिकून आलेले. पाऊस लागला की दर्या बंद, गलबतं येत नाहीत, म्हणून त्याआधी रंगुनी तांदूळ किती भरून ठेवायचा, ते त्यांना एका नजरेत बघायचं होतं. मग भिंतीवर रोजची एक उभी कोळशाची रेघ. माप गेलं की रेघ थोडी वर. ती मारायचं काम ह्यांचं. संध्याकाळी उरलेला तांदूळ शेठ स्वतः मोजायचे, तर रेघेपेक्षा जास्तच गेलेला! लोक रोख न देता नेणार नारळ-सुपारीच्या बदल्यात, त्याचा हिशोब जुळणार थेट दिवाळीला. मग संशय कुणावर? माप ज्याच्या हातात, त्याच्यावर.

"जास्तीचा तांदूळ कुठं जातो?"

"जास्तीचा जातच नाय, साहेब."

"मग भुतं खातात?"

मी पोरीला थोपटत उभी.

फौजदारांनी हवालदाराची चुन्याची डबी मागितली. तो म्हणाला, "पान लावू, साहेब?"

"पान नको. बोट बुडव."

प्रत्येक काळ्या रेघेशेजारी, शेठच्या मोजणीनं खरा तांदूळ गेला तेवढी पांढरी रेघ काढायला लावली. मग लांब जाऊन बघत बसले.

"शेठ, ही सगळ्यात उंच रेघ. इथं दोन्ही जवळजवळ सारख्या. नि ही बुटकी बघा, शेजारची पांढरी केवढी चढलीय! ढीगभर तांदूळ जातो तेव्हा चिमूट चोरतो, नि थोडा जातो तेव्हा टोपली? असला चोर मी पाहिला नाही. उंच रेघेला गिऱ्हाईक कोण होतं रे?"

"एकच, साहेब. गलबताचा तांडेल, खलाशांसाठी एकदम नेणारा."

"आणि बुटकीला?"

"बाजाराचा दिवस. बायामाणसं, माप-दोन माप नेणारी. रीघ लागलेली."

"मोज माझ्यासमोर. रेघ पण मार."

ह्यांनी माप भरलं. 'एक'च्या जागी "लाभ," म्हणून ओतलं. कोळशाला हातच नाही. "दोन," म्हटलं नि रेघ मारली.

"थांब. पहिल्याची?"

"लाभाची?" हे दचकले. "लाभाला काळं कसं लावायचं, साहेब?"

शेठ मटकन पोत्यावर बसले. गिऱ्हाईक बदललं की पहिलं माप पुन्हा लाभाचं, एकच माप नेणारीची तर रेघच नाही!

फौजदारांनी बेड्या उचलल्या. "रेघ खोटी नव्हती, शेठ. पण ती कुठून मोजायला घेतलीय, ते आधी विचारायला हवं होतं. तुम्हीही नि मीही." आणि निघाले.

शेठ म्हणाले, "उद्यापासून लाभाची पण रेघ. नाहीतर दुसरा मापारी बघतो, मला तांदळाची गलबतं मागवायचीयत."

ह्यांनी कोळसा खाली ठेवला. "घरात तान्ही पोर आहे. असला अपशकुन माझ्यानं नाय होणार."

नोकरी गेली तर पोरीला पेज कुठली? नि लाभाला डाग लागून पोरीलाच काही झालं तर? चुन्याची डबी पोत्यावर राहिलेली. मी बोट बुडवलं, नि काळी नको म्हणून लाभाची पांढरी रेघ ओढली. शेठ म्हणाले, "चालेल."

दुसऱ्या दिवशी पोरीचं अंग तापलं. सासूबाई म्हणाल्या, "मोजलास ना गो लाभ? मोजला की सरतो तो." ताप उतरला, नोकरी राहिली. पण पोर अजून नुसती शिंकली तरी ह्यांची नजर माझ्या बोटावर जाते.

तुमच्या कडेवर पोर असती, तर तुम्ही ते बोट बुडवलं असतंत का?