एकट्याचं ताट

“जेवणारी किती?”

कुणाच्याही घरात पाऊल टाकलं की काकांचा पहिला प्रश्न हा. खुशाली नंतर, पाणी नंतर. बारशाला गेले तरी तेच आणि समाचाराला गेले तरी तेच. विचारताना नजर स्वयंपाकघराकडे असायची आणि उजव्या हाताची बोटं एकेक करून मिटत जायची. नवख्या माणसाला वाटायचं, हा गृहस्थ जेवायला थांबणार. आमच्याकडे आलेल्या एका मावशीनं तर घाईघाईनं जास्तीची कणीक मळली होती. ते मात्र आकडा ऐकून समाधानानं मान हलवायचे, चहा घ्यायचे आणि निघून जायचे. मावशी त्यांच्यावर चिडली ती कायमची.

तुमच्याही गल्लीत असं एखादं माणूस असेल, ज्याची खोड सगळ्यांना पाठ असते आणि बाकी काही कुणाला ठाऊक नसतं. आमच्या जुन्या इंदुरातल्या गल्लीत ते होते.

संस्थान असताना ते खानेसुमारीच्या, म्हणजे माणसं मोजायच्या कचेरीत होते. मग मध्य भारत झाला, मग मध्य प्रदेश झाला, आणि कचेरीची कपाटं, टेबलं, माणसं सगळीच भोपाळला निघाली. आमच्या ओळखीतली कितीतरी मराठी घरं तेव्हा कुरकुरत का होईना, बिऱ्हाड उचलून गेली. यांनी बदली नाकारून नोकरीच सोडली. कारण विचारलं तर म्हणायचे, “मंडळी परत आली आणि दाराला कुलूप दिसलं तर?”

मंडळी म्हणजे त्यांची बायको. ती माहेरी, मिरजेला होती. आधी म्हणे तिचे वडील आजारी होते, मग भावाचं लग्न निघालं, मग इथली हवा मानवत नाही असं ठरलं. गल्लीतल्या बायका नळावरून येता-जाता विचारायच्या, “काका, काकू कधी येणार?” ते हसून म्हणायचे, “आता दिवाळीनंतर.” दिवाळी झाली की संक्रांत, संक्रांत झाली की मुलांच्या परीक्षा. ज्याला मूलच नाही त्याच्या मुलांच्या परीक्षा कसल्या, हे विचारायचं कुणाला सुचलं नाही. नवराबायकोचं पटत नाही आणि आपण त्यात बोलायचं नाही, असं गल्लीनं परस्पर ठरवून टाकलं होतं. माझी आई दर चैत्रात त्या न पाहिलेल्या काकूंसाठी एक खण बाजूला काढून ठेवायची.

नोकरी सुटल्यावर ते वकिलांना आकडे तयार करून द्यायला लागले. मी तेव्हा औद्योगिक न्यायालयात स्टेनो होतो. इंदूर गिरण्यांचं गाव. पगाराचे, महागाई भत्त्याचे, कामावरून काढल्याचे खटले रोजचेच. वकील कायद्यावर तासभर बोलायचे, पण आकड्यांचा तक्ता समोर आला की त्यांना एकदम पाणी प्यावंसं वाटायचं. मग यांना बोलावणं जायचं. हे यायचे, तक्ता बघायचे आणि अगदी शांतपणे सांगायचे, “यातून एवढंच म्हणता येतं. पुढचं तुम्ही म्हणताय.” असा माणूस कुठल्याही वकिलाला फार आवडत नाही. पण दुसरा मिळतही नव्हता.

मला सांगायची आहे ती एका पगारवाढीच्या खटल्याची गोष्ट. मजुराच्या कुटुंबाला जगायला काय लागतं यावर पगार ठरावा, अशी युनियनची मागणी होती. मग कुटुंबाला लागतं तरी काय, हे मोजायला युनियननं यांना नेमलं. यांनी मजुरांच्या नावांच्या चिठ्ठ्या बिस्किटांच्या डब्यात घातल्या, डबा खळखळ हलवला आणि ज्यांची नावं निघाली त्यांच्या घरी जायला लागले. चाळीतले लोक त्यांना ‘गिनतीवाले बाबूजी’ म्हणायचे. घर बंद असलं तर शेजारच्या घरात विचारून मोकळं व्हायचं, हे त्यांना चालायचं नाही. त्याच दाराशी पुन्हा जायचं. एक विणकर म्हणे यांना सावकाराचा माणूस समजून मागच्या गल्लीतून पळाला होता. हे दुसऱ्या दिवशी मागच्या गल्लीतच उभे राहिले.

अडचण आली ती एकट्या माणसांची. चिठ्ठ्यांमध्ये अशी बरीच नावं निघाली, जी खोलीत एकेकटी राहत होती. त्यांची माणसं लांब गावाकडं. एकट्याचा खर्च कमी, त्यामुळं सगळी सरासरी खाली येत होती. युनियनचा सेक्रेटरी गडबडला. तो आमच्याच बाजूचा मराठी पोरगा, यांना हात जोडून म्हणाला, “काका, हे अकेलेवाले काढून टाका ना यार. आपला पूरा केस बिघडून जाईल.”

“चिठ्ठीत निघालेत ते.”

“अरे पण भिया, एकटा माणूस म्हणजे काय कुटुंब असते काय?”

“ते बघावं लागेल,” हे म्हणाले आणि बघायला लागले.

मिलचे वकील तर खूशच होते. त्यांचं म्हणणं असं, की इतके मजूर एकटे राहतात, मग कुटुंबाचा पगार कशाला द्यायचा? हे लोक गावी पैसे पाठवतात म्हणे, तर पावत्या दाखवा. पावत्या कुठून येणार? गावाकडं जाणाऱ्या ओळखीच्या माणसाच्या हाती पैसे द्यायची रीत. तो तिकडं पोचवायचा आणि इकडं निरोप यायचा. निरोप कोर्टात चालत नाही.

साक्षीच्या दिवशी हे काळा कोट घालून आले. कोट दरबारच्या वेळचा असावा, खांद्यात सैल झालेला. मी समोर पेन्सिल घेऊन बसलेला. त्यांनी जे सांगितलं ते इतकं सोपं होतं, की चपराशीसुद्धा दारातून आत सरकून ऐकत होता.

ते म्हणाले, “पगार सारखा असलेली माणसं मी शेजारी शेजारी ठेवली. एकाच्या घरात बायकामुलं आहेत, दुसरा एकटा आहे. त्याच पगारात खाणारा एकटा असेल तर त्याच्या ताटात जास्त पडायला पाहिजे. डाळ जास्त, तेल जास्त, कधी दूध. निघालं उलटं. एकट्याचंच ताट लहान. एखादा माणूस चिक्कू असू शकतो. पण जवळजवळ सगळेच एकटे चिक्कू कसे असतील? त्यांच्या वाटणीचं कुणीतरी दुसरीकडं खातंय. ती माणसं इथं नाहीत, पण ती आहेत.”

युनियनच्या सेक्रेटरीच्या तोंडाचा आ झाला होता. ज्या माणसांना वगळायला तो निघाला होता, त्यांच्याच अर्ध्या ताटांवर त्याचा खटला उभा राहिला होता.

मग मिलचे वकील उठले. ते आमच्या पलीकडच्या गल्लीत राहायचे. माणूस वाईट नव्हता, हे आधीच सांगतो. मंडळी माहेरी म्हणून त्यांच्या घरून होळीला यांना पुरणपोळीचा डबा जायचा. पण कोर्टात वकील डबा आठवत नाही.

“आपण एकटे राहता?”

“हो.”

“आपली पत्नी बरीच वर्षं माहेरी असते. साऱ्या मोहल्ल्याला माहीत आहे. बरोबर?”

उत्तराची वाट न बघता वकील पुढं म्हणाले,

“त्यांच्या खर्चाला आपण पाठवत असालच. आणि आपण भोजनालयात दोन्ही वेळा पोटभर जेवता. मी डोळ्यांनी पाहिलंय. रविवारी वर श्रीखंड.” लोक हसले. “म्हणजे लांबच्या माणसाला पोसूनही एकट्याचं ताट भरलेलं असू शकतं. मग ताट बघून कुटुंब शोधायची ही आपली विद्या राहिली कुठं?”

तुम्हीच बघा काय पेच होता. ‘हो, पाठवतो’ एवढं म्हटलं असतं तर त्यांची इतक्या वर्षांची मंडळी मिरजेला सुखरूप राहिली असती. पण त्यांच्याच तोंडानं त्यांचा मुद्दा बाद झाला असता, आणि त्या एकट्या मजुरांची गावाकडची माणसं कुठल्याच हिशेबात उरली नसती. मी पेन्सिल टेकवून वाट बघत होतो. त्यांनी साक्षीच्या पिंजऱ्याचा कठडा धरला होता.

“मंडळी बाळंतपणाला माहेरी गेली,” ते म्हणाले. “तिथंच वारली. मूलही गेलं. मला कुणालाच काही पाठवायचं नसतं. म्हणून माझं ताट भरलेलं असतं.”

आणि पुढं म्हणाले, “पण मी चिठ्ठीत निघालेलो नाही. मला यात धरू नये.”

वकीलसाहेब “और कुछ नहीं पूछना” असं पुटपुटत खाली बसले. काय लिहायचं म्हणून मी जज्जसाहेबांकडे बघितलं. त्यांनी इंग्रजीत एक ओळ सांगितली, साक्षीदार विधुर आहे एवढीच. माझी पेन्सिल तेवढ्यात दोनदा मोडली.

संध्याकाळी आम्ही बरोबर चालत घरी निघालो. मला वाटलं होतं, मन हलकं झालं वगैरे म्हणतील. आपण पुस्तकात तसंच वाचतो ना. पुलावर आल्यावर ते थांबले आणि म्हणाले, “आज घरी जावंसं वाटत नाही हो. रोज कुलूप उघडताना थोडं वाटायचं, की...” मला रडू येत होतं आणि त्यांच्यासमोर रडायचा मला काय अधिकार, असंही वाटत होतं.

घरी आईला सांगितलं. ती पाटावर बसूनच राहिली. मग म्हणाली, “अरे, सुतकसुद्धा एकट्यानंच पाळलं का रे यांनी?” आतल्या ट्रंकेत खणांची घडीवर घडी होती. त्यांचं काय करायचं, हे तिला शेवटपर्यंत कळलं नाही.

गल्ली एकदम चांगली वागायला लागली. हे सगळ्यात वाईट झालं. जेवायला बोलावणी येऊ लागली. वकीलसाहेबांकडून डबा रोज यायला लागला. कुणीतरी धारच्या एका विधवा बाईचं नावसुद्धा सुचवून बघितलं. पोरं त्यांच्या दाराशी गोंगाट करीनाशी झाली. आणि नळावरच्या बायका त्यांना बघून पदर सारखा करायच्या, बाजूला व्हायच्या. एकदा ओट्यावर बसलो असताना ते मला म्हणाले, “आता कधी येणार म्हणून कुणी विचारत नाही.” आवाजात तक्रार नव्हती. पण मी त्यांच्याकडे बघू शकलो नाही. आम्ही सगळे रोज विचारून विचारून त्यांच्या बायकोला जिवंत ठेवत होतो, आणि आम्हाला वाटत होतं की आपण नुसती चौकशी करतोय.

निकाल लागला. गावाकडची माणसं कुटुंबात धरली गेली. युनियनला हवं होतं तेवढं मिळालं नाही, पण मिळालं ते थोडंथोडकं नव्हतं. सेक्रेटरी हार घेऊन आला, तर हे कडी लावून आत बसले. तो बिचारा हार कडीला अडकवून गेला. पुढं ते कोर्टात फारसे आले नाहीत. आकडे शिकलेली नवी पोरं यायला लागली, मोठमोठे तक्ते आणायची, आणि त्यातून काय म्हणता येत नाही तेही खुशाल म्हणायची. मला ऐकवायचं नाही.

ते गेले त्याला आता बरीच वर्षं झाली. शेवटचं नीट बघितलं ते इंदूरच्या स्टेशनवर. मी कुणालातरी घ्यायला गेलो होतो, पाहुणा आलाच नाही. उज्जैनकडची गाडी लागली होती आणि तिसऱ्या वर्गातून मजुरांची कुटुंबं उतरत होती. बोचकी, पत्र्याच्या पेट्या, घुंगट घेतलेल्या बायका, झोपेतून उठवलेली मुलं. पगार वाढल्यावर ज्यांना जमलं ते आपली माणसं इकडं आणायला लागले होते. त्या गर्दीत हे उभे होते. एका विणकरानं त्यांना ओळखलं.

“अरे, गिनतीवाले बाबूजी! ए, पाँव छू, पाँव छू इनके!” त्यानं पोरांना पुढं ढकललं. बायकोनं घुंगटातूनच हात जोडले. हे इतके गोंधळले की त्यांनी उगाच एक बोचकं उचललं आणि बाहेर टांग्यापर्यंत नेऊन दिलं.

“बैठो ना बाबूजी,” विणकर म्हणाला. “घर चलो. आज इसके हाथ की रोटी बनेगी.”

“फिर कभी, भैया,” हे म्हणाले.

टांगा गेला. मी पुढं होऊन म्हटलं, “चला काका, बरोबरच जाऊ.”

“तुम्ही व्हा पुढं,” ते म्हणाले. “मला थोडं काम आहे.”

आणि ते पुन्हा आत गेले. उज्जैनची गाडी रिकामी झाली होती, फलाटावर झाडूवाला आणि एक चहावाला एवढेच उरले होते. आता यायची होती ती खंडव्याकडची. पुणे-मिरजेकडून येणारं माणूस खंडव्याला गाडी बदलून त्याच गाडीनं इंदूरला उतरायचं. ते सावकाश चालत शेवटच्या बाकापर्यंत गेले, कोटाची बटणं लावली आणि गाडी येते त्या बाजूला तोंड करून बसले.