शेवऱ्या जिथं चाटायचा

आमच्या घरात उतारा, अंगारा, नजर असल्या भानगडींना थारा नव्हता. वडिलांनी धम्म घेतला तेव्हाच देव्हारा नदीत सोडला, आणि मी पडलो सरकारी कारकून... जे फायलीत नाही ते नाहीच. तरी हे लिहितोय. वय झालंय, सांगून मोकळं व्हावंसं वाटतं.

लातूर जिल्हा नुकताच झाला होता. मी नव्या कलेक्टर कचेरीत टँकरच्या टेबलावर, घर रेणापूरजवळ. त्या दुष्काळात माझी डावी पोटरी फुगायला लागली. दुखायची नाही, फक्त आत काहीतरी सारखं फडफडायचं. लोक म्हणायचे, "सायेब, सायकलनं पाय लई कमावला की." पण त्या पायाच्या चवड्यावर मला उभं राहता येईना.

आमचा देवणी बैल होता, शेवऱ्या. वैरण टाकून वळलो की मागून माझी कंबर चाटायचा... पट्ट्याच्या जरा खाली, मणक्याच्या डाव्या अंगाला. रोज तीच जागा. चारा संपला तेव्हा देवणीच्या बाजारात त्याला विकला. दावं दुसऱ्याच्या हातात दिलं तरी त्यानं तिथंच तोंड लावलं. मी वैतागलेलो होतो, हातात उरलेला जुना कासरा त्याच्या तोंडावर हाणला.

मग दवाखाने सुरू झाले. कुणी हत्तीपाय म्हणालं, कुणी गाठ. शेवटी एका मोठ्या डॉक्टरांनी पोटरी उघडायचं ठरवलं. गाठ वाईट निघाली तर पाय काढावा लागेल म्हणाले. मी इतका थकलो होतो की बरं म्हणालो. तेव्हा माझी बायको सुमन मध्येच बोलली.

"डॉक्टरसायेब, आमचा बैल ह्यांच्या कमरंलाच चाटायचा. पोटरीला कधीच न्हाई. एकदा तिथं बी बघा की."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. डॉक्टर हसले, पण त्यांनी टाचेमागं हातोडी मारून बघितली. उजवं पाऊल उडालं, डावं हललंच नाही. मग पोटरीत सुया घालून तपासणी झाली. मशीनमधून लाह्या फुटल्यासारखा आवाज येत होता.

"नस दबली की स्नायू वाळतो," डॉक्टर म्हणाले. "क्वचित उलटा फुगतो. गाठ नाही ही." आणि त्यांनी माझ्या कमरेवर बोट टेकवलं. "दबलीय ती इथं. कंबर कधी दुखली होती?"

"कधीच नाही."

सुमन त्या बोटाकडे बघत राहिली. तीच जागा होती.

पाय वाचला. बैल घामाचं मीठ चाटत असेल, असं लोक म्हणतात. असेलही... पण घाम तर सगळ्या पाठीला येतो. नंतर देवणीचे तीन बाजार फिरलो, शेवऱ्या दिसला नाही. त्याला कसं कळलं, ते मला आजही सांगता येत नाही. जाताना मी त्याला मारलं, एवढंच पक्कं ठाऊक आहे.