क्लच जड झालाय

रविवारची सकाळ म्हणजे गॅरेज, हे गेल्या वर्षभरात माझ्या पाचवीलाच पुजलंय. बाकीची माणसं उशिरा उठतात, पोहे करतात. मी घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकशी भांडत डोंबिवलीला जाते आणि बाबांची गाडी दुरुस्तीला नेते. गाडी इतकी जुनी आहे की तिचा तो रंग कंपनीने केव्हाच बंद केलाय. एका रविवारी वळताना पुढच्या चाकातून कटकट आवाज यायला लागला. ॲक्सलवरचं रबरी आवरण फाटून आतलं ग्रीस उडून गेलं होतं. मग गिअरबॉक्समधून तेल गळायला लागलं. इंजिनातली ताकद चाकांपर्यंत पोचवणारं जे जे म्हणून काही असतं, ते सगळं एकेक करून माझ्या जिवावर उठलं होतं.

"विकून टाक ना," भाऊ फोनवर म्हणतो. तो परदेशात असतो, त्यामुळे त्याच्याकडे सल्ले भरपूर. पण बाबांना गाडी विका म्हणणार कोण? आमच्या बिल्डिंगमधली मुलं कधीच पांगली. मागे राहिले ते सगळे सत्तरीच्या पुढचे. कुणाला डोळे तपासायला ठाण्याला नौपाड्यात जायचं असतं, कुणाला एक्स-रे काढायचा असतो, कुणाला रिक्षात चढताच येत नाही. मग बाबांच्या दाराची बेल वाजते. आई गेल्यानंतर बाबा नुसते खुर्चीत बसून असायचे. त्या बेलनेच त्यांना उठवलं. "उद्या साडेनऊला खाली या, मी गाडी काढतो," हे वाक्य ते ज्या रुबाबात म्हणतात, तो रुबाब नोकरीतही नव्हता त्यांच्याकडे.

आता तीन-चार महिने त्यांचं एकच चाललं होतं. "अगं, क्लच फार जड झालाय." गाडी गचके खात सुटायची. गिअर टाकताना असा आवाज यायचा की दात आंबावेत. एकदा पार्किंगमधल्या खांबाला दार घासलं, तेव्हाही क्लचच जड होता. मी मात्र त्यांचा डावा पाय बघत होते. घरात चालताना तो जरा मागे राहायचा, चप्पल फरशीवर घासत यायची. कमरेत नस दबलीय म्हणून डॉक्टरांनी व्यायाम सांगितले होते. बाबांनी सगळा दोष क्लचवर ढकलला आणि मीही कानाडोळा केला. क्लच बदलता येतो, म्हणून ते सोयीचं होतं.

मेकॅनिकने एक चक्कर मारून बघितली. "ताई, क्लच प्लेट गेली. गिअरबॉक्स उतरवावा लागेल. बाबा पाय क्लचवरच ठेवून चालवतात का?"

ठेवतातच. चढावर थांबायची वेळ आली की हँडब्रेक ओढणं बाबांना कमीपणाचं वाटतं. अर्धा क्लच दाबून, हळूच ॲक्सिलरेटर देत गाडी जागच्या जागी तोलून धरायची, इंचभर मागे जाऊ द्यायची नाही. ते ज्याला जमलं त्याला ड्रायव्हिंग आलं. मलाही त्यांनी असंच शिकवलं. त्या ऐटीपायी आमच्या घराने आजवर किती क्लच प्लेटा जाळल्या असतील देव जाणे.

त्या संध्याकाळी भावाने तोडगा काढला. "पार्टच मिळत नाही म्हणून सांग ना. चालवणं आपोआप बंद होईल, त्यांना वाईटही नाही वाटणार."

युक्ती वाईट नव्हती. मी ती वापरली नाही, यात माझा मोठेपणा काही नाही. ते खोटं दर रविवारी नव्याने बोलावं लागलं असतं, तेही मलाच, आणि माझ्यात तेवढं त्राण उरलं नव्हतं. शिवाय आतून मलाही आशा होती. बाबा म्हणतायत तेच खरं असलं तर? क्लच हलका झाला की सगळं सुरळीत होईल, मी उगाच पायाचं भूत मनात घेतलंय, असं मला वाटून घ्यायचं होतं.

प्लेट, प्रेशर प्लेट, बेअरिंग, क्लचची केबल, सगळं नवं घातलं. गॅरेजमधून गाडी मी घरी आणली. पेडल लोण्यासारखं खाली जात होतं. सिग्नलला उभी असताना मी ते उगीचच दोन-तीनदा दाबून बघितलं आणि फार दिवसांनी मला बरं वाटलं.

बाबा इस्त्रीचा शर्ट घालून खाली तयार उभे होते. मी बाजूच्या सीटवर सरकले. गाडी एका गचक्यानंतर सुटली. सपाट रस्त्यावर त्यांनी दुसरा, मग तिसरा गिअर टाकला. "बघ," ते म्हणाले, "मी सांगत नव्हतो? क्लचच होता." मी हो म्हटलं. खरंच म्हटलं.

ठाकुर्लीच्या पुलाच्या चढावर मधोमध ट्रॅफिक थांबला. बाबांनी सवयीने गाडी अर्ध्या क्लचवर धरली. मला त्यांचा गुडघा थरथरताना दिसला. इंजिन घरघरलं आणि बंद पडलं. पुन्हा चालू केलं, पुन्हा बंद. तिसऱ्यांदा गाडी मागे सरकायला लागली, मागचा रिक्षावाला ओरडला, आणि मी हात घालून हँडब्रेक ओढला. आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्या गाडीत मी असं काही केलं. ते रागावतील असं वाटलं. त्यांनी स्टिअरिंगवरचे हात काढून घेतले.

"तू ये इकडे," ते म्हणाले.

आम्ही पुलावरच जागा बदलल्या. बॉनेटचा आधार घेत, तो पाय ओढत ते गाडीला वळसा घालून येत होते आणि मागे सगळे जीव तोडून हॉर्न वाजवत होते. मला त्या प्रत्येकाच्या श्रीमुखात द्यावीशी वाटली. मी बसले, पेडल दाबलं. ते इतकं हलकं होतं की मला रडू आलं.

बाबांनी दार लावून घेतलं. "अजून जडच आहे ना गं? तुलाही लागतोय ना?"

हो म्हणणं सोपं होतं. मेकॅनिकच्या नावाने थोडी बोटं मोडली असती आणि पुढचा रविवार पुन्हा गॅरेजमध्ये गेला असता.

"नाही, बाबा," मी म्हटलं. "हलका आहे. अगदी हलका आहे."

पुढची गाडी हलली. मी पूल ओलांडला. खाली आल्यावर बाबा खिडकीबाहेर बघतच म्हणाले, "बिल्डिंगमधल्यांना तू सांग. माझ्याच्याने नाही व्हायचं ते."