हाडबाईच्या पायाखाली भंगारवाला

माझ्या थोरल्या जाऊला अख्खी गल्ली हाडबाई म्हणते. निखळलेला खांदा, मोडलेलं मनगट, सरकलेला गुडघा, सगळं तिच्या दारात. मी मात्र तिला तोंडावर कसाईण म्हणते. का म्हणणार नाही? माणसाला लाकडी फळीवर आडवं पाडायचं, त्याच्या काखेत स्वतःची टाच रोवायची, मनगट दोन्ही हातांनी धरायचं आणि खेचायचं. माणूस असा बोंबलतो की भिंतीवरची पाल कौलांत पळते. मग ‘खट्’ आवाज येतो आणि तोच माणूस रडत रडत तिचे पाय धरतो.

खेचायच्या आधी ती माणसाला ओरडायला लावते. ओरडलं की श्वास सुटतो, श्वास सुटला की मांस सैल पडतं, आणि त्याच क्षणाला खेचायचं, हे तिचं गणित. पूर्वी सांगायची, “ज्याचा राग आहे त्याला सणसणीत शिवी घाल.” काय एकेक शिव्या ऐकल्यात मी त्या खोलीत! माझं अर्धं शिक्षण तिथंच झालं.

मग ती प्रभूकडे वळली. भर रस्त्यात एका बाईला चपलेनं झोडपत होती, आणि मध्येच थांबून ढसाढसा रडायला लागली. “चप्पल उगारलेली असतानाच त्यानं मला पोटाशी धरलं गं,” मला म्हणाली. “आधी हात धुऊन ये, असंसुद्धा म्हणाला नाही.” तेव्हापासून फळीवर शिवी बंद. आता म्हणायचं, “देवा, अमक्याचं भलं कर!” आणि तो अमका म्हणजे ज्याचा राग आहे तोच हवा. लोकांची पंचाईत झाली. एक सून तर “देवा, माझ्या सासूचं...” इथवर आली आणि म्हणाली, “हाडबाई, राहू दे खांदा निखळलेलाच.”

हसू नका, पुढचं हसण्यासारखं नाही.

तिचा एकुलता एक मुलगा शिंपी. दोन वर्षांपूर्वी गल्लीतल्या एका भंगारवाल्यानं त्याच्या दुकानाच्या तोंडाशी हातगाडी लावली. शब्दाला शब्द वाढला. भंगारवाल्यानं पहार उचलली आणि कापड बेतायच्या टेबलावर टेकलेल्या हातावर घातली. एकदा नाही, तीनदा. उजवाच हात, कात्रीचा. हाडबाईनं हाडं चाचपली आणि पहिल्यांदाच म्हणाली, “माझ्या हातचं नाही हे.” इस्पितळात दोन बोटं काढली. भंगारवाला दहा महिने तुरुंगात बसून आला. आणि ही? प्रार्थनाघरात माझ्या शेजारी बसायची. ‘आम्ही आमच्या अपराध्यांना क्षमा करतो’ ही ओळ आली की हिचे ओठ मिटायचे. मी कोपर मारायची, ती माझा पाय तुडवायची.

गेल्या हिवाळ्यात, भर दुपारी, दोन हमालांनी एका माणसाला उचलून आणलं, उंबऱ्यात टाकलं आणि पळाले. कुठं आणलंय ते ठाऊक होतं, म्हणूनच पळाले. लोखंडी कपाट अंगावर पडून भंगारवाल्याचा खांदा निखळला होता. हात लोंबत होता आणि पंजा निळा पडत चालला होता.

“मोठं इस्पितळ तासाभरावर आहे,” मी म्हटलं. “पाठवा की तिकडं.”

तिनं त्याची बोटं दाबून पाहिली. “तासाभरात हात जाईल.”

“जाऊ दे ना मग!” हो, मीच म्हटलं. खोटं कशाला सांगू?

तिनं पदर खोचला. त्याला फळीवर ढकललं आणि काखेत टाच रोवली. आणि ओरड असं न सांगताच खेचलं. ह्याच्या तोंडून आपल्या मुलाचं नाव ऐकायची तिची तयारी नव्हती. खांदा बसला नाही. दुसऱ्यांदा खेचलं तसा तो किंचाळला, डोळे पांढरे केले. तिच्या मनगटाच्या शिरा दोरासारख्या तटतटल्या होत्या. मला कळलं, ही हाड बसवत नाहीये, ही मारतेय.

“मारून टाका एकदाचं, हाडबाई,” तो पुटपुटला. “मी काही बोलणार नाही.”

ती थांबली. तिचा हुंदका मी दारातून ऐकला. मग ती छत हादरेल अशी ओरडली, “देवा, ह्या मेल्याचं भलं कर!” आणि तिचेच हात सैल पडले. हलकेच वळवून खेचलं. खट्.

तेवढ्यात मागच्या खोलीतून मुलगा आला. डाव्या हातात कपड्यांची लोखंडी इस्त्री. त्यानं भंगारवाल्याच्या डोक्यावर नेम धरला आणि हाणली. ती हात आडवा घालून मधे झाली. काटकी मोडावी तसा आवाज आला.

“दोन्ही हाडं,” ती म्हणाली, जणू शेजारणीच्या हाताबद्दल बोलतेय. मग मटकन खाली बसली.

मुलाच्या हातून इस्त्री पडली. “आई! तू कशाला मधे आलीस? ह्याच्यासाठी?”

“तुझ्यासाठीसुद्धा, गाढवा. डोकं फुटलं असतं म्हणजे तू कुठं असतास? आता मनगट धर आणि ओढ. वरून कोपर दाबायला दुसरं माणूस लागेल.”

“काकूला सांग.”

“ती आधी तासभर बोलेल, मग ओढेल. हाच धरेल, एक हात धड आहे त्याचा.”

“मी ह्याच्याबरोबर? ह्याचा तोही हात तोडीन!”

“तोड. बसवायला मात्र मी नाही.”

भंगारवाला सरपटत आला, बऱ्या हातानं तिचं कोपर धरलं आणि मान खाली घातली. मुलानं डाव्या हातानं आणि उजव्याच्या उरलेल्या तीन बोटांनी मनगट धरलं. दोघांच्या मधे तिचा वाकडा हात.

“ओरड ना आई! नाव घे कुणाचं तरी!”

“कुणाचं घेऊ? राग उरला नाही रे कुणाचाच,” ती कळवळून म्हणाली. “ओढ तसाच.”

त्यानं रडत रडत ओढलं. मी डोळे मिटले होते, पण कान कसे मिटणार?

हात बसला, पण जरा वाकडाच. तीन बोटांची ओढ ती. आता तिला जोर लावता येत नाही. ती स्टुलावर बसून सांगते, मुलगा डाव्या हातानं खेचतो, आणि माणसाला घट्ट धरून ठेवायला रोज सकाळी भंगारवाला येतो. कुणी बोलावलं नाही, आला आणि उभा राहिला. दोघं एकमेकांशी बोलत नाहीत. मधे मी! “काकू, त्याला सांग छाती दाब.” “काकू, सांगा त्याला, दाबलीय.” दोघं हातभर अंतरावर उभे, आणि निरोप पोचवून माझा घसा कोरडा.

“क्षमा केलीस का रे त्याला?” मी परवाच पुतण्याला विचारलं.

“नाही,” म्हणाला. “पण धरतो चांगलं.”

काल मला ताप होता, गेले नाही. तरी एका गवंड्याचा खांदा बसला म्हणे, पहिल्याच ओढीला. म्हणजे बोलले असणार! काय बोलले ते मेले दोघंही सांगत नाहीत, आणि जाऊ नुसती हसते.