बाकीच्यांनी थांबा

"भागाकार शिकवायला सांगितला होता मॅडम, भांडणं लावायला नाही." सरांनी सगळ्यांदेखत माझं पाठाचं टाचण टेबलावर आपटलं. मागून कोणीतरी हसलं. पेणचं अध्यापक विद्यालय. आम्ही सगळे होणारे मास्तर. कातकरवाडीतून आलेली मी एकटी.

काय केलं होतं मी? जिते गावाजवळच्या शाळेत चौथीवर सराव पाठ होता. चिंचोके वाटून भागाकार करून घेतला. वाटून उरतं ती बाकी, असं सांगितलं. विचारलं, "या बाकीचं काय करायचं?" पुढचा एक म्हणाला, "टाकून द्यायची, बाई." तेव्हा शेवटच्या रांगेतली सोनी, आमच्याच जातीची, कधी तोंड न उघडणारी, बसल्या जागी बोलली, "बाकी म्हंजे आमी."

वर्ग हसला. मला हसू येईना. खिचडी वाढताना तिथल्या बाई रोज ओरडायच्या, "बाकीच्यांनी थांबा." बाकीचे म्हणजे वाडीची पोरं. निडी गावाकडे मी शिकले त्या शाळेतही हेच. ताट धरून मीही उभी राहिलेय, खरवडलेलं खाल्लंय. पुस्तकात हा शब्द आला, तेव्हा मला तो आधीच पाठ होता.

मी टाचण बाजूला ठेवलं. विचारलं, "शेवटी कोणाला वाढतात? रोज त्यांनाच का? रांग उलटी केली तर कोणाला किती येईल?" पोरं मांडायला लागली. गणितच होतं ते, दुसरं काय! मागे बसलेल्या सरांनी तिथेच पाठ थांबवला.

आणि विद्यालयात परतल्यावर सगळ्यांसमोर म्हणाले, "नापास. परत पाठ घ्या, नुसत्या चिंचोक्यांचा. तुमच्या लोकांचं रडगाणं घरी ठेवून या."

आई नेहमी सांगते, "गप ऱ्हा गो, पदरात पडू दे." आजवर गपच राहिले. त्या दिवशी तोंडातून निघालं, "नाय सर."

बदललं काय? काय नाय. मैत्रिणी डबा घेऊन लांब बसतात. परत त्या शाळेत गेले तर सोनी नव्हती. घरचे कोळशाच्या भट्टीवर गेले, तिलाही घेऊन गेले. बाई म्हणाल्या, "ही पोरं अशीच." खिचडीची रांग तशीच आहे. माझ्याने ती हलेल, असं मला वाटत नाय.

परवा पुन्हा पाठ आहे. सर मागे बसतील. मी चिंचोके वाटीन, भागाकार करून घेईन. आणि विचारीन, वाटणारा कोण होता? प्रमाणपत्र नाय मिळालं तर नाय. बाकी टाकून द्यायची असते, असं एकाही पोराला मी शिकवणार नाय.