अक्षतेचा दाणा

बहिणीच्या लग्नाच्या दिवशी वडील दवाखान्यात होते. साखरेच्या आजारानं त्यांची नजर झपाट्यानं जात चालली होती. म्हणून हळदीपासून पाठवणीपर्यंतची फिल्म, त्यांना दिसतंय तोवर दाखवायचीच, असं मी मनाशी पक्कं केलं. मुरबाडला माझं लग्नाच्या शूटिंगचं दुकान आहे. घरचीच फिल्म रखडली तर काय तोंड दाखवायचं?

जुना कॉम्प्युटर कुथत होता. मी चांगला वेगाचा नवा प्रोसेसर आणला, सोबत मेमरीची आणखी एक पट्टी. आमच्याकडे नवी वस्तू पुजल्याशिवाय वापरत नाहीत. कॉम्प्युटरचा डबा उघडाच होता. दवाखान्यातून घरी आलेल्या वडिलांनी चाचपडत हळदकुंकू लावलं, अक्षता टाकल्या. मग मी प्रोसेसर बसवला, घाईघाईनं पट्टी खाचेत दाबली आणि झाकण लावलं.

तरी काम पुढे सरकेना! बघतो तर नवा प्रोसेसर चक्क रिकामा बसलेला. मी हादरलोच. भाताच्या लावणीला चपळ बायका चिखलात ताटकळाव्यात आणि रोपांच्या मुठी पुरवणारा एकटाच असावा, तशी गत. मेमरीकडून माल आला की हा कामाला लागणार, नाहीतर बसून. असला वेग काय चाटायचाय? विकणाऱ्याला मी फोनवर नाही नाही ते बोललो. इकडे वडील रोज विचारत, "झाला का रे? पोरीची हळद बगायचीय मला."

"उद्या, आबा," मी म्हणायचो.

शेवटी डबा उघडला. नव्या पट्टीचं एक टोक वर राहिलेलं. मशीनला ती दिसतच नव्हती. पट्टी उपसली, तर खाचेत तांदळाचा एक दाणा, कुंकवानं लाल. एवढं नवंकोरं यंत्र एका अक्षतेनं अडवलं होतं!

दाणा काढला, पट्टी नीट बसवली. फिल्म दुसऱ्याच दिवशी तयार झाली. वडिलांना पडद्यासमोर खुर्चीत बसवलं. आई बहिणीच्या गालाला हळद लावत होती, बायका गात होत्या. वडील मात्र पडद्याच्या बाजूला, भिंतीकडे तोंड करून हसत होते.

"मशीनला काय झालता रे?" त्यांनी विचारलं.

"काय नाय, आबा."

"मग आवाज वाढव. आन पोर कशी दिसतेय, ता सांग मला."

मी आवाज वाढवला, त्यांच्या खुर्चीशी बसलो आणि सांगू लागलो.