कमल भेटंल का?

मामा गेल्याचा फोन आला तेव्हा मी देवगाव फाट्यावर एसटीची वाट बघत उभा होतो. पूर्ण्यालाच निघालो होतो, त्यांना भेटायला... आठवड्यापूर्वी त्यांनी मला एक प्रश्न विचारला होता आणि त्याचं उत्तर अजूनही माझ्याकडे नव्हतं.

योहानमामा पूर्णा जंक्शनवर रेल्वेत सांधेवाले होते. गाड्यांचे रूळ बदलून द्यायचं काम. लग्नानंतर काही वर्षांनी त्यांनी बाप्तिस्मा घेतला, कमलमामींनी घेतला नाही. मामांमुळे पुढे मीही चर्चमध्ये जाऊ लागलो, उपदेश करू लागलो. टपरीवर कुणी म्हणालं, "मामा, समदे रस्ते एकाच गावाला जातेत," की ते हसायचे. "पूर्ण्यात राहून असं बोलायलास? अकोल्याच्या गाडीत बसल्यावर नांदेड येतंय का? येशू म्हंजेच सत्य. ते एकच. सर्गाला जायचा रस्ता बी त्योच." कुणाला टोचून बोलणं नाही, पण तसूभर मागे सरणंही नाही. घरी मामी देवापुढे दिवा लावायच्या, तेव्हा मामा आतल्या खोलीत गुडघे टेकून त्यांच्यासाठी प्रार्थना करत. दोघांनाही एकमेकांचं ठाऊक होतं.

मागच्या उन्हाळ्यात मामी गेल्या. "देवाघरी सुखात हायत," लोक समजूत घालायचे. मामा उठून आतल्या खोलीत जायचे.

शेवटच्या भेटीत त्यांनी अंथरुणावरूनच माझा हात धरला. "तू उपदेश करतूस. मला सांग... कमल भेटंल का रे तिथं?"

"मामा, प्रभू लय दयाळू हाय."

"ते मला ठावं हाय. मी काय इचारायलोय?"

हो म्हणालो असतो तर मी मन राखतोय हे त्यांना कळलं असतं. नाही म्हणायला जीभ उचलेना.

"सत्य एकच हाय," ते म्हणाले. "माझ्यासाठी ते बदलायचं न्हाई. पन तिला सोडून जाववत बी न्हाई, बाबा." आणि त्यांनी भिंतीकडे तोंड केलं.

दफनाच्या वेळी चर्चच्या पाळकांनी पुनरुत्थानाची आशा सांगितली. माझा त्या आशेवर विश्वास आहे. तरी मातीची मूठ हातातून सुटेना...

परवा घर आवरायला गेलो. कोनाड्यात मामींचे देव तसेच होते. शेजारच्या शांताबाई दारातून म्हणाल्या, "तिच्या मागं तुमचे मामा रोज देव पुसायचे. पाया न्हाई पडले कधी. म्हनायचे, कमलचं हाय."

आता देवांवर धुळीचा पातळ थर बसला होता. फडकं खुंटीला होतं. मी कोनाडा पुसला आणि गुडघे टेकले... कुणासाठी काय मागावं, तेच कळेना.